बाई हाकलली आणि बांबू ठेवला

१९९९ सालच्या कार्तिकात गंगेकाठच्या आमच्या बालाजी घाटावर पाय ठेवायला जागा मिळत नसे. एरवी ज्या पायऱ्यांवर चार म्हाताऱ्या आणि एखादा झोपलेला नावाडी एवढीच वस्ती, तेथे वकील, प्राध्यापक, रेल्वेचे अधिकारी, त्यांच्या शालू नेसलेल्या पत्नी आणि खांद्यावर बसवलेली मुले यांची दाटी होई. सगळ्यांचे डोळे एका चौरंगाकडे लागलेले. चौरंगावर भगवे रेशीम, रेशमावर झेंडूच्या माळांचा ढीग आणि त्या ढिगात अर्धा बुडवलेला एक लहानसा लॅपटॉप. शाळकरी मुलाच्या पाटीहून तो फारसा मोठा नव्हता.

बेतारबाबा, म्हणजे बिनतारी बाबा, त्या लॅपटॉपच्या मागून, खालून हात फिरवून दाखवीत. वय चाळिशीचे, दाढी शांपूने फुगवलेली, आवाज रेल्वे फलाटावर चहा विकणाऱ्याचा. “पीछे तार है? नहीं. नीचे तार है? नहीं. तो अक्षर कहाँ से आएगा, माताजी? ऊपर से.” गर्दी त्यांच्यामागोमाग म्हणे, “ऊपर से.” आणि खरोखरच, कोणी बोटही लावलेले नसताना, पडद्यावर अक्षरे उमटू लागत. एक चेला ती कर्ण्यावर मोठ्याने वाचून दाखवी. ज्याने प्रश्न विचारला, त्याच्या मेलेल्या बापाचे, आईचे, भावाचे ते उत्तर असे. पितरांना कमी ऐकू येते की काय कोण जाणे, पण प्रश्नही कर्ण्यावरच विचारावा लागे.

कार्तिकात आमच्याकडे घरोघरी पितरांसाठी आकाशदिवा लावतात. उंच बांबूच्या टोकाला दोराने टोपली चढवायची, टोपलीत पणती. संध्याकाळी टोपली खाली घ्यायची, पणती लावायची, पुन्हा वर ओढायची. दूधविनायक गल्लीतल्या आम्हा मराठी घरांचे बांबू घाटावरच्या एका दगडी इमारतीच्या गच्चीवर, कठड्याला ओळीने बांधलेले असतात. बाबांनी या आमच्या रीतीलाच हात घातला. पितर दिव्याच्या उजेडावरून उतरतात आणि यंत्रात शिरून बोलतात, असा त्यांचा सिद्धान्त. महिना सुरू होताना त्यांनी प्रत्येक घराला नवी टोपली आणि नवा दोर दान दिला होता. चेलेच गच्चीवर जाऊन बांधून आले. मी घेतला नाही. माझा दोर मला पुरेसा होता.

मी इरावती. मुलींच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवले, पुढे तेथेच मुख्याध्यापिका झाले. या गल्लीतल्या निम्म्या संसारांना मी वर्गाबाहेर उभे केलेले आहे. देवावर माझी श्रद्धा आहे; पहाटेचे कार्तिकस्नान मी आजारपणातही सोडलेले नाही. म्हणूनच देवाचे नाव घेऊन धंदा करणाऱ्याचा मला नास्तिकाहून अधिक संताप येतो.

बाबांची सभा आधी सकाळी भरत असे. मग गर्दी वाढली, तबकातल्या नोटा वाढल्या आणि संध्याकाळचीही सभा सुरू झाली. पहिल्याच संध्याकाळी ऐन रंगात आलेली अक्षरे मधल्या मधे थांबली. बाबांनी मंत्र म्हटले, झेंडू उधळले, यंत्राला चंदन लावले. पडदा मुका. लोक कुजबुजू लागले. तेवढ्यात बाबांचे लक्ष वर गेले. गच्चीच्या कोपऱ्यात, सर्वांत उंच बांबूपाशी, पांढऱ्या पातळातली एक बाई पणती लावीत उभी होती.

“ऊपर कौन विधवा खड़ी है?” बाबांनी विचारले.

शेकडो माना वळल्या. ती होती नंदा, आमच्या शेजारच्या नरहरची सून. तिचा नवरा प्रसन्न दोन वर्षांपूर्वी काविळीने गेला. त्याच्या जागी ती विद्यापीठाच्या कचेरीत नोकरी करते, सासऱ्याचे घर चालवते, बकुळ नावाची तिची लहान मुलगी आहे. तिने टोपली वर ओढली, हात जोडले आणि ती जिना उतरून गेली. ती गेली आणि अक्षरे परत आली. दुसऱ्या संध्याकाळीही अगदी असेच झाले. या वेळी परत आलेली पहिली ओळ चेल्याने वाचली ती अशी: “मैं प्रसन्न बोल रहा हूँ. इसका दीया मुझे जलाता है.”

नरहर त्या वेळी पहिल्या रांगेत बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले तेव्हा निर्णय झालेला होता. पौर्णिमा झाली की नंदाने नागपूरला भावाकडे जायचे. बकुळ येथेच राहील. मुलगी आमच्या वंशाची आहे, असे नरहरने मला सांगितले आणि मान दुसरीकडे वळवली. आत नंदा भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज एकसारखा येत होता, इतका एकसारखा की मला तो ऐकवेना.

नरहर माझ्या धाकट्या दिराचा वर्गमित्र. मी त्याला पोरवयापासून ओळखते. बँकेत अधिकारी होता. सही जुळली नाही तर सख्ख्या मेहुण्याचाही चेक परत करणारा माणूस.

“नरहर,” मी म्हणाले, “प्रसन्न तुझ्याशी घरात हिंदी बोलत असे का?”

“वहिनी, तिकडे भाषा एकच असते. बाबांनी समझावलं आहे.”

“मीही विधवा आहे. परवा सबंध सकाळ मी त्या चौरंगासमोर बसले होते. यंत्राला काही झाले नाही.”

“तुमची बात वेगळी. तुम्ही पुण्यवान.”

“आणि ती? तुझ्या मुलाची लघवी-उलटी तिने काढली, तेव्हा तू कोठे होतास?”

तो हळूच म्हणाला, “मी डोळ्यांनी पाहिलं, वहिनी. दोन्ही दिवस. ती उभी राहिली की बंद, ती गेली की चालू.”

हे खोटे नव्हते. मला ते मान्य करावे लागले. शेकडो लोकांनी पाहिले ते खरेच घडले होते. चूक पाहण्यात नव्हती, पुढच्या पायरीत होती. मी विचारले, आता तिच्या बांबूचे काय करणार. इतका पापी दिवा असेल तर बांबू उपटून गंगेत सोडून दे. नरहर दचकला. नाही नाही, बांबूला हात लावायचा नाही, अशी बाबांची सक्त ताकीद आहे. टोपली वर आहे तशीच राहू द्यायची, कोणी खाली घ्यायची नाही, पणतीही लावायची नाही. त्यांच्या चेल्याने गच्चीवर जाऊन दोराला गाठ मारली आहे.

मी घरी परतले ती या एकाच वाक्याला धरून. ज्या दिव्याने मेलेला माणूस पोळतो, तो दिवा लावणारी बाई नको. पण ज्या बांबूवर तो दिवा चढतो, तो बांबू मात्र हवा. बाई हाकलली आणि बांबू ठेवला. असे कोण करते? ज्याचे काम बांबूशी आहे तो.

माझी नात ईशानी दिवाळीसाठी आलेली होती. ती पुण्याला संगणकाच्या कंपनीत काम करते आणि तेथे असेच लहान लॅपटॉप असतात. मी तिला सगळे सांगितले. ती हसली नाही, याचे मला बरे वाटले. तिने सांगितले की बिनतारी जोडणी ही आता पुस्तकातली गोष्ट राहिलेली नाही. लॅपटॉपच्या कडेला पत्त्यासारखे एक कार्ड खोचतात, त्याचे टोक बाहेर राहते. ते टोक दुसऱ्या तशाच लॅपटॉपशी रेडिओसारखे बोलते. एकावर टाइप करावे, दुसऱ्यावर उमटावे.

“म्हणून झेंडू,” मी म्हणाले.

“हो आजी, कार्ड फुलांत छुपवलं असेल. पण दुसरा लॅपटॉप जवळपास हवा. आणि ह्या लाटा दगडी भिंतीतून नीट जात नाहीत. आमच्या ऑफिसात लोखंडी कपाट सरकवलं तरी बंद पडतं.”

“बंद पडले म्हणजे तुम्ही काय करता?”

“पहिलं म्हणजे घाबरत नाही. बॅटरी बघायची, कार्ड निघालंय का बघायचं, दोघांच्या मधे काय आलं ते बघायचं, समोरच्याचा एरियल हलला का ते बघायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर समझत नाही दोष कुणाचा.”

आमटी बिघडली तर मी मीठ आणि चिंच एकदम घालीत नाही. एवढी साधी शिस्त त्या घाटावरच्या पदवीधरांपैकी एकाला आठवू नये? नंदा गच्चीवर येई तेव्हा नेहमी दोन गोष्टी एकदम घडत: ती उभी राही आणि तिची टोपली खाली येई. लोकांनी पहिली मोजली. दुसरी कोणाच्या डोक्यातच आली नाही, कारण पहिली दोषी ठरवायला फार सोयीची होती.

त्या संध्याकाळी मी आणि ईशानी माझा आकाशदिवा लावायला गच्चीवर गेलो. नंदा घरी स्वयंपाकघरात होती. तिला मी मुद्दाम तेथेच बसवून आले होते. खालून कर्णा ओरडत होता, कोणाच्या तरी आजीची आशीर्वादाची वाक्ये चेला वाचीत होता. मी माझी टोपली खाली घेतली, पणती लावली, वर ओढली. चेल्याचा आवाज अखंड. शेजारच्या घरच्यांनी त्यांची टोपली उतरवली. आवाज अखंड. मग आम्ही कठड्याआड बसलो. ईशानीने कोपऱ्यातल्या बांबूची गाठ सोडली आणि टोपली सावकाश खाली घेतली. ती दगडी कठड्याच्या आड उतरली मात्र, कर्ण्यावरचा आवाज शब्दाच्या मधेच तुटला. खाली कोलाहल. ईशानीने टोपली वर ओढली. आजी पुन्हा आशीर्वाद देऊ लागली.

नंदा तेथून दोन गल्ल्या दूर कांदा चिरत होती.

पुढच्या वेळी टोपली उतरली तेव्हा ईशानीने ती उलटी करून पाहिली. वेताच्या विणीत बोटभर जाडीची एक कांडी गुंफलेली होती. तिच्यापासून निघालेली काळी तार दोराच्या पिळात दडवली होती. तार बांबूच्या बुडाशी उतरून पावसाच्या पाण्यासाठी ठेवलेल्या भोकातून खालच्या मजल्यावर जात होती. खालच्या मजल्यावर बाहेरगावचा एक ‘विद्यार्थी’ दसऱ्यापासून भाड्याने राहत होता. हाच तो समोरचा लॅपटॉप. कर्ण्यावरून त्याला प्रश्न ऐकू येत, गल्लीतल्या चहाच्या टपऱ्यांवर त्याला आमच्या घरांतल्या मरणांची माहिती मिळे, आणि कोपऱ्यातला सर्वांत उंच बांबू त्याचा एरियल होता, कारण तेथूनच चौरंग सरळ दिसत असे. स्वतःचा नवा बांबू रोवला असता तर लोकांनी विचारले असते. विधवेच्या बांबूबद्दल कोण विचारणार?

मी टोपली होती तशी वर चढवायला लावली. ईशानीला ती तोडायची होती. पण केवळ तार दाखवून भागणार नव्हते. बाबा म्हणाले असते, हीही त्या बाईचीच करणी. तिच्यावरचा आळ जेथे घातला गेला तेथेच उतरवायचा होता, सर्वांदेखत.

नंदाला मी सांगितले, उद्या तू माझ्याबरोबर सभेला येशील. ती म्हणाली, “काकू, लोक मला हात धरून उठवतील. बकुळसमोर उठवतील.”

“माझ्या शेजारून उठवायला कोणाचा हात पुढे येतो ते मला पाहायचे आहे. डोक्यावरून शाल घे आणि खाली पाहू नकोस.”

दुसरा दिवस वैकुंठ चतुर्दशीचा. बाबांना माझी फार ओढ होती. मी कौल घेतला की उरलेला दूधविनायक त्यांच्या पदरात पडेल, हे त्यांना कोणीतरी सांगितलेले होते. मी येताना दिसताच त्यांनी स्वतः उठून वाट करून दिली. “आइए अम्मा, आइए. आपके पति कब से राह देख रहे हैं.” माझ्याबरोबरच्या शालीतल्या बाईकडे त्यांनी पाहिलेही नाही. आम्ही दोघी चौरंगाला लागून बसलो. नंदाचा गुडघा भगव्या रेशमाला टेकलेला होता.

माझ्या हाती माइक आला. मी माझ्या कैलासवासी यजमानांना, वेणीमाधवांना, विचारले की मी या बाबांवर विश्वास ठेवावा का. पडद्यावर लागलीच अक्षरे धावू लागली. चेला वाचू लागला: “इरावती, यह महापुरुष साक्षात्...”

“थांबा,” मी माइकमध्ये म्हणाले.

अक्षरे थांबली. चेला तोंड उघडे ठेवून पडद्याकडे पाहत राहिला. बाबांचा हात दाढीत थबकला. मी गर्दीकडे तोंड करून म्हणाले, “बोला.” क्षणभराने अक्षरे पुन्हा चालू झाली. “थांबा.” थांबली. “बोला.” निघाली. वर कठड्याआड ईशानी कर्ण्यावरचा माझा शब्द ऐकून टोपली खालीवर करीत होती. मधे मी उगाच बाबांकडे पाहून त्यांना म्हटले, “आता तुम्ही थांबवून दाखवा.” त्यांनी गळ्यातली माळ चाचपली आणि घसा खाकरला, यापलीकडे काही केले नाही.

आणि मग जे झाले, त्याचा राग मला आजही शांत करता आलेला नाही. गर्दीतून लोक पुढे आले आणि माझ्या पाया पडू लागले. “माई, माई” म्हणत एका वकिलाने, कायद्याची पदवी घेतलेल्या माणसाने, माझ्या पावलांवर कपाळ टेकले. बाबांहून मोठी सिद्धी दूधविनायकातच निघाली म्हणून एकीने मूल माझ्या मांडीवर ठेवले. एक खोटा देव हातातून निसटतो आहे असे दिसताच त्यांनी दुसरा पकडला. विचार करावा लागू नये यासाठी माणसे इतकी तत्पर असतात.

“पाय सोडा,” मी म्हणाले. “वर पाहा.”

ईशानीने टोपली कठड्यावरून घाटाच्या बाजूला सोडली. विजेच्या दिव्यांत ती सर्वांना दिसली, आणि तिच्या बुडातून लोंबणारी काळी तारही. खालच्या मजल्यावरची खिडकी धाडकन लागली. मी झेंडूच्या माळा उचलून बाजूला ठेवल्या. लॅपटॉपच्या कडेला ते कार्ड दात विचकावा तसे बाहेर आलेले होते. ईशानी खाली आल्यावर तिने माइकवर हिंदीत, शांतपणे, सगळे समजावून सांगितले. तार मशिनला नसली तरी एरियलला असते. एरियल टोपलीत होता. टोपली भिंतीआड गेली की मशिन मुके होते. त्यात ना पितर, ना पाप.

मग मी नंदाच्या डोक्यावरची शाल काढली.

“ही पहिल्यापासून येथे बसलेली आहे,” मी म्हणाले. “तुमचे पितर हिच्या मांडीला मांडी लावून बोलत होते.”

बाबा तेवढ्यात खालच्या पायरीला लागलेल्या होडीपर्यंत पोचलेही होते. तबक मात्र विसरले नाहीत. काही तरुण लॅपटॉप फोडायला धावले. मी त्यांना हटकले. यंत्राने कोणाला फसवले नव्हते. त्याला जे पाठवले ते त्याने इमानाने दाखवले.

नरहर हात जोडून माझ्यासमोर आला. वहिनी, माझी चूक झाली, असे काहीसे तो पुटपुटत होता. मी त्याला म्हणाले की क्षमा माझ्याकडे मागायची नाही. तो नंदाकडे वळला. तिने त्याची फार वाट पाहिली नाही.

“दादा, मी नागपूरला जाणार नाही. बकुळ माझ्याजवळ राहील. हे मी विचारत नाही, सांगते आहे.”

“हो,” नरहर म्हणाला.

“आणि प्रसन्न माझ्याशी मराठीत बोलायचे.”

ती गच्चीवर गेली. बाबांचा दोर तिने तोडून टाकला. “तो जड लागत होता, नवा म्हणून असेल असे मला वाटले,” असे ती मला मागाहून म्हणाली. माझ्याकडचा जुना दोर बांधून तिने टोपली खाली घेतली, पणती लावली आणि वर ओढली. खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाने ते पाहिले. कोणीही काही बंद पडले का, ते विचारले नाही.

पंधरवडा उलटला नाही तोच अर्धी गल्ली म्हणू लागली की आम्हाला आधीपासूनच संशय होता. उरलेली अर्धी म्हणते, बाबा मुळात खरे होते, मागाहून त्यांची शक्ती गेली. मला या दोन्ही अर्ध्यांशी भांडायचे आहे, आणि या लेखाद्वारे मी भांडतेच आहे. संशय होता, तर नंदाची बॅग भरली जात असताना तुम्ही कोठे होतात? शक्ती होती, तर तिला एरियल कशाला लागत होता?

देवाला हात जोडा, पितरांसाठी दिवा लावा; मीही लावते. पण कोणी एखाद्या माणसाकडे बोट दाखवून त्याच्यामुळे सगळे बिघडले असे सांगू लागला, की त्याच्या बोटाच्या मागे धावू नका. बिघडले तेव्हा आणखी काय काय हलले ते शांतपणे पाहा. एका वेळी एक गोष्ट बदला आणि पुन्हा पाहा. याला पदवी लागत नाही, लॅपटॉप लागत नाही. थोडी लाज आणि थोडा धीर लागतो. आणि बाईला हाकलून बांबू ठेवणारा कोणी तुमच्या दारी आला, तर त्याच्या तोंडाकडे पाहू नका. उठा, जिना चढा आणि टोपली खाली घ्या.